तीन लिटरची पिशवी, तीनशे किलोमीटर

पिशवीवर छापलेली किंमत तेराशे पन्नास. खरी किंमत सांगतो. आधी साडेसहाशेची एक ऑनलाइन मागवली होती, ती दर पायडलला दोन्ही गुडघ्यांना घासायची. आता ती दुकानात पाने-पकडी ठेवायच्या कामी लागली आहे. गुडघ्यांना चोळायचं मलम एकशे चाळीस. दुसरी पिशवी सायकलला लावून बघितल्याशिवाय घ्यायची नाही म्हणून अकोल्याला गेलो, त्याचं पेट्रोल आणि दोन कचोऱ्या मिळून चारशे वीस. झाले पंचवीसशे साठ. शिवाय एक नारळ. पण नारळाचा हिशोब देऊळघाटला येईल, तोवर दम धरा.

मी खामगावचा. पाईप, ठिबक आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. सुरुवात झाली ती लोकांच्या विहिरीत उतरून जळालेल्या मोटारी वर काढण्यापासून. तिथे दोर हातभर कमी पडला तर काय होतं हे एकदा बघितलं, तेव्हापासून मोजल्याशिवाय काही घेत नाही. डॉक्टरांनी साखर दाखवली तेव्हा सायकल घेतली आणि साखर राहिली बाजूला, नाद लागला.

सायकलच्या मधल्या त्रिकोणात, आडव्या नळीच्या खाली जी चपटी पिशवी बांधतात ती फ्रेमबॅग. तुम्हीही लांबच्या फेरीला निघणार असाल तर ती कशी निवडायची ते ऐका, फुकट आहे. पंपाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्रिकोणात बसेल असा कापा. पण पूर्ण त्रिकोण भरू नका. पूर्ण भरणारी पिशवी फोटोत छान दिसते, पण ती लावली की पाण्याच्या बाटल्यांना जागा उरत नाही, आणि आपल्या वऱ्हाडात पाणी आधी, बाकी सगळं मागून. म्हणून पिशवी वरच्या अर्ध्यातच. मग जाडी. पुठ्ठ्याला दोन्हीकडून थर्माकोलचे तुकडे चिकटवत जा आणि पायडल मारून बघा. माझा गुडघा आठ सेंटिमीटरला घासला, सहाला मोकळा सुटला. म्हणजे सहा. लांबी-उंची हवी तशी घ्या, जाडीत लोभ नको. पिशवीची चेन उजव्या बाजूला हवी, पट्टे नळीला घट्ट बसणारे हवेत, आणि आतली अवजारं जुन्या मोज्यात घालून ठेवा, नाहीतर तीन दिवस टाळ वाजत राहतात.

तीन लिटरच्या पिशवीत माझं काय काय गेलं: एक ट्यूब, पंक्चरचं सामान, अवजारं, चार्जर, गोळ्या, दात घासायचा ब्रश, शेंगदाण्याची चिक्की, एक बनियन आणि एक पातळ पायजमा. पंप वरून बांधला. चेन लागली तेव्हा मला विहिरीतून मोटर वर आल्यासारखा आनंद झाला. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं: "तीन दिवस, तीनशे किलोमीटर, तीन लिटर. जे यात मावत नाही ते प्रवासात लागत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा.

बेत असा होता: पहिल्या दिवशी खामगावहून जानेफळ, मेहकर करत लोणार. दुसऱ्या दिवशी लोणारहून चिखलीमार्गे बुलढाणा. तिसऱ्या दिवशी बुलढाण्याहून देऊळघाटला डोकावून परत, मग राजूर घाट उतरून मोताळा, पिंपळगाव राजा आणि घर. देऊळघाटला डोकवायचं कारण माझी मुलगी शीतल. दीड वर्षापूर्वी तिथे दिली. जावई संभाजीनगरला नोकरीला, शनिवार-रविवार येतात. शीतलला सातवा महिना चालू होता.

आणि घरात त्याच गोष्टीवरून एक गाठ बसली होती. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. व्याही उत्तमराव मात्र महिन्यापूर्वी फोनवर म्हणाले होते, "इथंच करू जी. बुलढान्याले दवाखाना जवळ पडते." मी बरं म्हणून फोन ठेवला. शीतलच्या आईने त्या दिवसापासून माळ्यावरचा पाळणा खाली काढून पुसून ठेवला होता आणि त्याविषयी ती एक शब्द बोलत नव्हती. जाता-येता पाळणा दिसायचा.

"पुढच्या रविवारी गाडी घेऊन दोघं जाऊ, रीतसर बोलू," मी तिला म्हटलं. "आठवा लागायला अजून दहा दिवस आहेत. आत्ता फक्त भेटून येतो."

"जाऊनच राह्यले तर ओटीचं घेऊन जा," ती म्हणाली आणि सोललेला नारळ, खण, गव्हाचा डबा टेबलावर आणून ठेवला.

मी नारळ पिशवीवर धरून दाखवला. "हे पाय, सहा सेंटिमीटर. नारळ दुप्पट आहे. नारळ काय, गावोगावी भेटते."

ती गप्प बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात ती पटकन गप्प बसली की मी सावध व्हायला पाहिजे, पण माझं लक्ष चेनकडे होतं.

सोबतीला गवईसाहेब. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, माझ्याहून वडील, आमच्या समोरच राहतात. पहाटे त्यांची सायकल बघून मी हसलोच. मागच्या कॅरियरला दोन्हीकडे दोन मोठ्या पिशव्या, दुधाच्या केटल्या लटकवल्यासारख्या.

"साहेब, बिऱ्हाड हलवून राह्यले का?"

"असू द्या. लागते."

"काय लागते एवढं?"

"काय लागन ते निघाच्या आधी कोनाले मालूम असते का?" ते म्हणाले आणि टांग टाकून पुढे निघाले.

पहिला दिवस: लोणारकडे

खामगाव सोडलं की सपाटी संपते आणि घाट तुमची परीक्षा घेतो. पौष महिना, तोंडातून वाफ निघत होती. मी हलका, सरसर वर गेलो. वर थांबून चिक्की खाल्ली, दुसरी खाल्ली, बाटली अर्धी केली, तेव्हा गवईसाहेब वळणावर दिसले, एका लयीत, पाणचक्कीसारखे. घाटमाथ्यावर रस्ता बरा आहे, मधे मधे काम चालू आहे तिथे गिट्टी सांभाळा. दोन्ही बाजूंना तुरी वाळत आलेल्या, काही ठिकाणी सोंगणी सुरू. कापूस शेवटच्या वेचणीला, पऱ्हाटीवर अडकलेलं बोंड न बोंड उन्हात उजळलेलं.

जानेफळला चहा आणि आलूबोंडा, दोघांचे साठ रुपये. माझे कान जरा तिखट आहेत. दुकानात गिऱ्हाईक बायकोशी काय कुजबुजतं त्यावर भाव ठरवायची सवय. तर मागच्या बाकड्यावर दोघं बसले होते.

"त्या सायकलीच्या मधात काय हाय बे ते?"

"बीपीची मशीन असन. वय पाय ना त्याचं."

"मशीन असती तर वायर दिसली असती."

"मंग बॅटरी. बॅटरीची सायकल हाय ते. उगीच दाखोते पायानं चालवून राह्यलो म्हनून."

यावर दोघांनी समाधानाने चहाचा घोट घेतला. मी वळून सांगणार होतो, गवईसाहेबांनी हात धरला. "राहू द्या. त्यांचं ठरलं आता."

मेहकरच्या अलीकडे दुपारी उन्हाचा चटका लागला. थंडी आहे म्हणून टोपी घेतली नव्हती, घ्या. मेहकरला जेवलो: पिठलं, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. पुढे लोणारपर्यंत रस्ता लांब लांब लाटांसारखा आहे. चढ असा नाही, पण उतारावर कमावलेलं पुढच्या चढाला खर्च होतं. शिल्लक शून्य.

लोणारला दिवस मावळायच्या जरा आधी पोचलो. सायकली काठावर टेकवल्या. फोटोत तुम्ही ते पाणी शंभरदा बघितलं असेल. फोटोत काय येत नाही ते सांगतो: आवाज. एवढा मोठा वाडगा आणि वाऱ्याचा पत्ता नाही. खालच्या झाडीत मोर ओरडला की तो आवाज भिंतीला लागून पुन्हा तुमच्याकडे येतो, जरा शिळा होऊन. खाली उतरायचं तर सकाळी उतरा, चांगले बूट घाला आणि खाऱ्या पाण्याच्या वासाची तयारी ठेवा. आम्ही काठावर बसलो. गवईसाहेबांनी पिशवीतून डबा काढला, त्यात तिळाच्या वड्या. दुसऱ्या पिशवीतून सतरंजीचा तुकडा. मी दगडावर बसलो होतो. सरकून सतरंजीवर आलो.

लॉजची खोली दोघांत नऊशे, गरम पाणी बादलीने. रात्री पायजमा घालून जेवायला गेलो, त्यावर वांग्याचा रस्सा सांडला, म्हणून झोपण्याआधी धुऊन टाकला. तीन लिटरच्या पिशवीत दुसरा पायजमा नसतो.

दुसरा दिवस: बुलढाण्याला वर

पायजमा सकाळी ओलाच होता. पिळून, प्लास्टिकच्या थैलीत घालून पिशवीत कोंबला. चेन कशीबशी लागली.

आल्या वाटेने मेहकरला परत आलो. मेहकर ते चिखली हा रस्ता मला या फेरीत सगळ्यात आवडला. जड गाड्या आहेत, आरसा लावा, पण कडेची पट्टी रुंद आहे. हरभरा घाट्यावर आलेला. एका शेताच्या बांधावर पाणी प्यायला थांबलो तर आत खुरपणाऱ्या आजीबाईंनी हाक मारली, "कोनत्या गावचे जी?" खामगाव म्हटल्यावर, "सायकलनं? काऊन, बस बंद हाय का?" मग उठून त्यांनी हिरव्या हरभऱ्याची दोन मोठ्या डहाळ्या उपटल्या आणि माझ्यासमोर धरल्या. "पोराबाळाले न्या."

"आजी, मावत नाही हो. पिशवी लहान आहे."

त्यांनी वाकून पिशवी नीट बघितली. वरून चापटी मारली. "मंग आनली कायले?"

याचं उत्तर माझ्याकडे पुठ्ठा, थर्माकोल, सेंटिमीटर सगळ्यासकट होतं. पण ते बांधावर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. गवईसाहेबांनी गुपचूप डावी पिशवी उघडली आणि डहाळ्या तिच्यात गेल्या. दिवसभर ते पुढे आणि मी त्यांच्या पिशवीतून लोंबणारा हरभरा खुडून खात मागे.

चिखलीला दुपारचं जेवण, दोघांचे दोनशे चाळीस. बुलढाण्यात संध्याकाळी पोचेपर्यंत हवा बदलते, अंगावर काटा येतो. उंचावरचं गाव आहे, थंडीत जाणार असाल तर एक जाड कपडा हवाच. माझ्याकडे नव्हता. गवईसाहेबांकडे दोन होते. मी त्यांचं स्वेटर घालून त्यांच्याच पिशवीला नावं ठेवत चहा प्यायलो.

रात्री ग्रुपवर टाकलं: "उद्या राजूर घाट उतरणार. तीनशे पूर्ण करणार." राजूर घाट म्हणजे या फेरीचं बक्षीस. दोन दिवस जे चढलो ते वळणावळणाने एका दमात खाली, ब्रेकवर दोन बोटं आणि कानात वारा. मी तर सगळी फेरी अशी उलटी आखली होती, की शेवटी तो उतार यावा.

तिसरा दिवस: देऊळघाट

पायजमा रात्रभर खिडकीत ठेवूनही दमटच. देऊळघाटच्या फाट्याला लिंबाखाली सायकल लावली. मुलीच्या सासरी सायकलच्या तंग चड्डीत जाता येत नाही हे मला कळतं. तो पायजमा चड्डीवर चढवला. सकाळच्या थंडीत ते कापड मांडीला लागलं तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

उत्तमरावांचं घर रस्त्यालाच, पुढे मोठं अंगण, तुरीच्या पेंढ्या रचलेल्या, एका बाजूला बोलेरो. ते खाटेवर पेपर वाचत होते. आम्हाला बघून उभेच राहिले.

"या, या व्याहीबुवा! सायकलनं आले?" मग नजर खाली गेली. "रस्त्यानं पानी लागलं का?"

"नाही. दव होतं," मी म्हटलं.

"मांडीपर्यंत दव," गवईसाहेब हळूच म्हणाले.

शीतल दारात आली. फोनवर रोज दिसते, पण फोनवर मान आणि चेहराच दिसतो. एक हात कमरेला, पाय जरा फाकवून चालत आली तेव्हा मला आधी तिची आई दिसली, मग ती. "बाबा, किती वाळले!" म्हणाली. पाया पडायला वाकू लागली, मी अडवलं. पाणी दिलं आणि आत गेली.

उत्तमराव सोयाबीनच्या भावावर बोलत होते. मी हो हो करत होतो. पण कान, म्हटलं ना, तिखट आहेत. आतून विहीणबाईंचा आवाज आला. त्या दबक्या आवाजातच बोलत होत्या, पण त्यांचा दबका आवाज म्हणजे आमच्या दुकानातला साधा.

"सायकल फिराले सवड हाय. पोरगी मांगाले नाही. एका मानसाचं तोंड नाही दिसलं महिनाभर. मी काऊन पाठवू मंग? त्याईले नको असन."

"मामी, तसं नाही हो. ते रविवारी येणार आहेत," शीतल सासूला म्हणाली.

"रविवारी? उद्यापासून आठवा लागते तुले. आठव्यात हालवते का कोनी?"

हातातला पाण्याचा पेला मी खाली ठेवला. उद्या? आमच्या घरच्या मोजणीत दहा दिवस होते. नंतर उलगडा झाला तो आत्ताच सांगतो. शीतलच्या आईने डॉक्टरांच्या तारखेवरून मोजलं होतं. विहीणबाईंनी तिथीवरून मोजलं होतं. आणि शीतल स्वतः फोनवर आठवडे मोजत होती, तिच्या मते दोघीही चुकलेल्या होत्या. एका पोटातल्या जीवाची तीन कॅलेंडरं. पण त्या घरात चालणार ते त्या घरचं.

म्हणजे आज विचारलं तर विचारलं. नाहीतर आठव्याच्या नावाखाली महिना जाणार, नवव्यात कोणी पाठवायला धजणार नाही, आणि आमचा पाळणा पुसूनपासून परत माळ्यावर.

मी उठलो. ओला पायजमा मांडीला चिकटलेला, डोक्याला हेल्मेटचा वळ. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो आणि विहीणबाईंना हात जोडले.

"विहीणबाई, शीतलले न्याले आलो. पयलं बाळंतपन आमच्याकडे करू द्या."

त्यांची पोळी तव्यावर तशीच राहिली. मागून उत्तमरावही येऊन उभे.

"फोनवर तर काही बोलले नाही तुमी," विहीणबाई म्हणाल्या.

"तुम्हीच म्हनलं ना, इथंच करू."

"अहो, आमी म्हनाव इथंच करू, मंग तुमी याव, म्हनाव की नाही, आमचा मान हाय. असं असते ना ते! फोनवर बरं म्हनून ठेवून देल्ला तुमी. पोरगी काय फोनवर मांगतेत का?"

उत्तमराव खाली बघत म्हणाले, "मीबी तेच म्हनून राह्यलो होतो, हे येतीन म्हनून."

घासाघीस हा माझा धंदा. समोरचा पहिला भाव सांगतो तो शेवटचा नसतो, हे मी रोज दुकानात बघतो. आणि या एका ठिकाणी मी पहिल्याच भावाला मान डोलावून आलो होतो.

विहीणबाईंनी पोळी उलटली. जळली होती. त्यांचा आवाज जरा खाली आला. "बरं, आले ना. नारळ आनला?"

"आत्ता आणतो. कोपऱ्यावर दुकान—"

"कोपऱ्यावरचा तर मीबी आनीन. माहेरचा पायजे. माहेरून निंगून आलेला नारळ ओटीत पडते तवा पोरगी उठते इथून. रिकाम्या ओटीनं नाही पाठवत मी."

मी दारातून सायकलकडे बघितलं. पिशवी उन्हात चमकत होती. सहा सेंटिमीटर. शीतलने माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं, मला लाज वाटू नये म्हणून. ते जास्त लागलं.

तेवढ्यात अंगणात चेन उघडल्याचा आवाज आला. गवईसाहेब आले ते हातात टॉवेलची गुंडाळी घेऊन. सोडली. आमच्या घरचा नारळ, शेंडीसकट. आमच्या घरचा खण. आणि आमच्या घरचा गव्हाचा डबा, झाकणावर शीतलच्या आईचं नाव कोरलेला.

"वहिनींनी दिलं होतं," ते म्हणाले.

"अन् तीन दिवस बोलले नाही तुम्ही?"

"त्याईनं सांगितलं होतं, हे मांगतीन पोरीले, तवाच काढा. त्याच्या आंधी नाही."

विहीणबाईंनी डबा हातात घेतला, नावावरून बोट फिरवलं. "तिनं पाठवलं," एवढंच म्हणाल्या. मग एकदम घर हललं. पाट आला, हळदकुंकू आलं. शीतलची ओटी त्यांनीच भरली. नारळ तिच्या पदरात ठेवताना त्यांचे डोळे भरले आणि त्याच दमात त्या मला म्हणाल्या, "व्याहीबुवा, तो पायजमा काढा, ह्याईचं धोतर नेसा, थंडीनं मराल."

मी घरी फोन लावला. म्हटलं, "शीतलले घेऊन येतो. आजच."

पलीकडून प्रश्न आला, "नारळ भेटला का गावोगावी?"

परत

आता प्रश्न माझ्या सायकलचा. मी म्हटलं, शीतलला उत्तमराव गाडीतून सोडतील, मी सायकलने मागून येतो. तीनशे व्हायला नव्वदच्या आसपास उरले होते आणि राजूर घाट पुढे होता. विहीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य अर्ध्यात सोडलं.

"न्याले कोन आलं? तुमी. मंग पोरगी गाडीत अन् बाप मांगून सायकलवर घंटी वाजवत येते का?"

शीतल हसली. तीन दिवसांत ऐकलेला सगळ्यात चांगला आवाज. लोणारच्या मोरापेक्षाही.

गवईसाहेब चहा घेऊन निघाले. "मी होतो पुढे," म्हणाले. आम्हाला जेवल्याशिवाय सुटका नव्हती. पुरणपोळी, वांग्याची भाजी, कढी. जेवून उठलो तर माझी सायकल बोलेरोच्या टपावर, कासऱ्याने बांधलेली. चाकं वर करून.

राजूर घाट मी उतरलो. उत्तमराव सेकंड गियरमध्ये, प्रत्येक वळणाला "सुनबाई, बरं वाटते ना?" विचारत. मी मागे शीतलशेजारी, उत्तमरावांच्या धोतरात, मांडीवर तिची उशी. काचेतून वळणं दिसत होती, एकेक, मी मनात ठरवून ठेवलेली. घाटाच्या मध्यावर शीतलने माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. आत कोणीतरी पायडल मारत होतं. पुढची वळणं मी बघितली नाहीत.

पिंपळगाव राजाच्या स्टँडजवळ एका टपरीवर गवईसाहेब चहा पिताना दिसले. उत्तमरावांनी गाडी थांबवली. "या साहेब, टपावर अजून जागा हाय."

"नाही जी. थोडंच राह्यलं आता," ते म्हणाले. मग उजव्या पिशवीतून कालच्या हरभऱ्याची उरलेली डहाळी काढून खिडकीतून शीतलला दिली.

घरी दारात शीतलच्या आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाळण्याला नवी दोरी लागलेली होती. कधी लावली, विचारलं नाही.

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. ही फेरी कराच, डिसेंबर-जानेवारीत. खाणं, राहणं मिळून दोघांना रोज अठराशेच्या आत भागतं. फ्रेमबॅग घ्या, सहा सेंटिमीटरचीच घ्या, त्या माझ्या मोजमापात आजही चूक नाही. पण वाटेत सोयरे लागत असतील तर कॅरियरला अजून एक पिशवी लावा, किंवा सोबतीला पिशवीवाला माणूस घ्या.

माझी पिशवी सध्या सायकलवर नाही. शीतलने ती पलंगाच्या दांडीला बांधली आहे. तिच्यात गोळ्या, चार्जर, खारका आणि दवाखान्याचे कागद असतात. पट्टे घट्ट बसतात, चेन उजव्या बाजूला आहे, हाताला लगेच सापडते. ती म्हणते, बाबा, अगदी मापाची आहे.

ग्रुपवर लोक अजून विचारतात, तीनशे झाले का. माझ्या मीटरवर दोनशे सात आहेत. तीनशे झाले ते गवईसाहेबांचे. ते त्या दिवशी दिवेलागणीला पोचले, दोन मोठ्या पिशव्यांसकट.